साडी नेसलेला अंधार

आमच्या आईचा या जगात एकच फोटो होता आणि तोही खरं तर केळ्यांचा. नंदाखालच्या आमच्या वाडीत बाबांनी एका वर्षी असा लोंगर पिकवला की तो बघायला अर्नाळ्याहून माणसं आली, पापडीहून आली, आणि मी तर म्हणेन की दोन-चार गलबतंसुद्धा वाट वाकडी करून आली. लोंगर म्हणजे केळीचा अख्खा घड. एरवी एक गडी तो खांद्यावर टाकून शीळ घालत नेतो. हा उतरवायला चार जण लागले आणि त्यातल्या दोघांची लग्नं कंबर धरल्यामुळे पुढे गेली, असं मी ऐकलंय. म्हणजे मीच सांगितलंय, पण इतक्यांदा सांगितलंय की आता ‘ऐकलंय’ म्हणायला हरकत नाही. तर हा लोंगर अजून झाडावर लटकत असताना शेतीच्या कुठल्याशा प्रदर्शनासाठी एक साहेब कॅमेरा घेऊन आले. लोंगर केवढा ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे, शेजारी कोणाला तरी उभं करा, म्हणाले. बाबांनी घरात हाक मारली आणि आई येऊन उभी राहिली. लोंगरावर लख्ख ऊन होतं, आई पानाखाली सावलीत होती, आणि साहेबांनी कॅमेऱ्याचं सगळं गणित लोंगराच्या बाजूने मांडलं. त्या फोटोतलं केळं न् केळं आजही सोलून खावंसं वाटतं. आणि त्याच्या शेजारी, साडी नेसलेला एक अंधार उभा आहे.

लग्नाचे फोटो होते म्हणे. पण एका पावसाळ्यात ट्रंकेत पाणी शिरलं आणि ते सगळे एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली. आत्याने ती वीट बरीच वर्षं जपून ठेवली, कधीतरी उघडेल या आशेने. लोंगराच्या फोटोनंतर फार दिवस गेले नाहीत. माझी धाकटी बहीण मनू रांगत होती तेव्हा आई तापाने गेली. मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. मला आई आठवते ती ओल्या हातांची, माझं तोंड पदराने खसाखसा पुसणारी. चेहऱ्याच्या जागी मात्र माझ्याकडेही काही नव्हतं, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

घरात मग आम्ही चौघं. बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे आत्या, मी आणि मनू. आत्याचा आवाज असा की ती ओटीवरून ‘जेवायला या गो’ म्हणाली की समुद्रावरच्या होड्या वळायच्या. सकाळी चर्चची घंटा, मग पंपाची डुगडुग, मग पाटाने पाणी केळींच्या बुंध्याशी पोचल्याचा तो गुळगुळ आवाज, आणि दुपारी वारा सुटला की पानांची अशी सळसळ की नवखा माणूस छत्री शोधायचा. वाडीच्या मध्ये आमचं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, हिरवं आणि गप्प. थंडीत आत्या अंगणात मडकं उपडं घालून उकडहंडी करायची, त्यातले कंद आणि वालाच्या शेंगा पाल्याच्या वासात अशा शिजायच्या की शेजारची भांडणं त्या दिवसापुरती मिटायची. एरवी तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण. बाबा जेवताना बोलत नसत. आईबद्दल तर जेवताना नाही आणि जेवून उठल्यावरही नाही. तिचं नाव निघालं की ते उठून केळींना टेकू लावायला जायचे. आमच्या वाडीत टेकूंची संख्या तालुक्यात सर्वांत जास्त असावी.

मग मनूला आई कोण सांगणार? मी सांगितली. मी सांगितलेली आई बावखलात उडी मारायची ती दोन म्हशी घेऊन वर यायची. नागाला ती असं काही बोलली की तो फणा खाली घालून विरारला राहायला गेला. लहानपणी मनू डोळे मोठे करून ऐकायची. पण पुढे ती शिकली, माणिकपूरच्या एका दवाखान्यात रक्त तपासायला लागली, आणि तपासणाऱ्या बाईला थापा चालत नाहीत. “ताई,” ती म्हणायची, “मागच्या वेळी म्हैस एकच होती.”

मीही तेव्हा माणिकपूरलाच होते, पास्कूमामांच्या फोटो स्टुडिओत. मामा नात्याने कोणी नव्हते, पण सगळी वसई त्यांना मामाच म्हणायची. काळ्यापांढऱ्या फोटोंना ब्रशने रंग भरण्यात त्यांची उमर गेली होती. मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि एक पाटी घेतली जिच्यावर पेन फिरवलं की पडद्यावर रंग उमटतो. त्या पाटीला हात लावण्याआधी मामांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मला म्हणाले, “बाय, आता तू बस. मी मागे उभा राहून चुका काढतो.” आमचा धंदा साधा होता. लोक गेलेल्या माणसाचा फोटो आणायचे, कधी शाळेच्या दाखल्यावरचा, कधी वरातीत डोकं अर्धं कापलेला, आणि आम्ही त्यावरून मोठं चित्र रंगवून, कॅनव्हासवर छापून, फ्रेम करून द्यायचो. जाताना प्रत्येक जण दारातून वळून सांगायचा, “जरा गोरं करा हं.” आणि मी करायची. माझ्या हातून अर्ध्या तालुक्यातले आजोबा गोरे होऊन भिंतीवर चढले. हल्ली फोनच ते काम करतो, न विचारता, जिवंत माणसांनाही. माझा भाचा परवा माझा फोटो काढून म्हणाला, “मावशी, बघ किती फ्रेश.” बघितलं तर पडद्यावर एक सोललेलं अंडं चष्मा लावून बसलं होतं.

मनूचं लग्न पापडीच्या मुलाशी ठरलं. मुलगा चांगला होता, ऐकून घेणारा होता, जे मनूपुढे आवश्यकच होतं. मांडवात फोटो कुठे ठेवायचा यावरून आत्या कोणाशी तरी बोलत होती. आमच्याकडे लेक निघताना गेलेल्या माणसाचा फोटो चौरंगावर ठेवतात, हार घालतात, आणि मुलगी आधी तिथे वाकते. त्या रात्रीच्या जेवणाला मनूने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि मला विचारलं, “ताई, मी पाया कोणाच्या पडू? केळ्यांच्या?”

बाबा उठले आणि टेकू बघायला गेले.

“मी काढते ना आई,” मी म्हटलं. “अशी काढते की वऱ्हाड जेवायचं विसरेल.”

“तशी नको.” मनूने माझा हात धरला. ती हात धरणाऱ्यातली नव्हती. “तुझ्या गोष्टीतली आई मला पाठ आहे. ती म्हशी उचलते. मला भाजी निवडणारी चालेल, पण खरी दे. एकदा बघते आणि जाते.”

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो स्टुडिओत नेला, स्कॅन केला आणि पडद्यावर भिंतीएवढा केला. रंग पळून सगळं विटकरी झालं होतं आणि खारट हवेने जागोजागी बुरशीचे ठिपके पडले होते. मी कामाला लागले. आधी अंधार उजळला, तर आईच्या जागी राखाडी पेज दिसायला लागली. मग ती पेज पुसून मी वरून रंगवत गेले. ठिपके साफ केले. पदर पांढरा होता असं आत्या म्हणायची, म्हणून पांढराशुभ्र केला. गाल उजळ, कपाळ उजळ, डोळ्यांत एकेक चांदणी, आणि ओठांवर असं मंद हसू की देवीनेही पत्ता विचारावा. शेजारची केळी चित्रातून कापून टाकली. मी खूश होते. खोटं कशाला बोलू, स्वतःचंच चित्र बघून मला रडू आलं.

घरी नेलं आणि ओटीवर भिंतीला टेकवलं. बाबांनी चष्मा पुसून लावला, जवळ गेले, लांब झाले.

“छान केलंयस,” ते म्हणाले. “कोणाच्या घरची ऑर्डर?”

मग आत्याने, जिला गप्प बसण्याची सवय नव्हती, तोंड उघडलं. “अगो, ही तर दागिन्यांच्या दुकानाबाहेर पाटीवर असते ती बाई! हिला कशाला आणलीस?”

मनूने चित्राभोवतीचा कपडा पुन्हा नीट गुंडाळला, कोपरे आत घातले. “ठीक आहे ताई. तू केलंस. आपण चौरंगावर आईच्या नावाची सुपारी ठेवू.” ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मलाच समजावत होती.

पास्कूमामांना मी सगळं सांगितलं. देवीचा भाग जरा वाढवून सांगितला. मामांनी चित्र पडद्यावर उघडलं, बाजूला मूळ फोटो उघडला आणि एका बटणात दोन्हींतला रंग काढून घेतला. राहिला नुसता करडा. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पायरीपायरीने गडद होत जाणाऱ्या चौकोनांची एक पट्टी त्यांनी पडद्याच्या तळाशी लावली.

“डोळे बारीक कर,” ते म्हणाले. “आणखी. झोप आल्यासारखे. फोटोत सगळ्यात उजळ काय?”

“केळी.”

“आणि पदर?”

मी पट्टीशी ताडून बघितलं. पदर पांढरा होता, पण सावलीतला तो पांढरा उन्हातल्या केळ्यापेक्षा कितीतरी गडद निघाला. मला पटेना. मी पेनाने दोन्हीकडचा करडा उचलून शेजारी शेजारी ठेवला. खरंच गडद.

“पदर पांढरा आहे हे तुला आत्याने सांगितलं,” मामा म्हणाले. “फोटोने नाही. तू आत्याचं ऐकलंस. आता तुझ्या चित्रात बघ. कपाळ केळ्याच्या उन्हाएवढं उजळ. म्हणजे तुझ्या आईसाठी वेगळा सूर्य आणलास गो बाय?”

“दिसायला नको का तिचा चेहरा?”

“दिसायला उजेड लागत नाही. फरक लागतो. सावलीतसुद्धा नाकाचा गडद वेगळा, गालाचा वेगळा. ते थोडेथोडे आहेत, एवढंच. तू त्यांना एकदम उन्हात ओढलंस, ते बिचारे मेले.” मामांनी मूळ फोटोवर बोट ठेवलं. “आणि हे बघ, या फोटोने पुष्कळ गिळलंय. गिळलेलं तो परत देणार नाही. सावली कशी असते ते सावलीला विचार.” त्यांनी ती करड्या चौकोनांची पट्टी कागदावर छापली आणि माझ्या हातात दिली.

आता सांगते ते जसं घडलं तसं सांगते. मला सवय नाही, तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी मनूला वाडीत नेलं. केळ काही इतकी वर्षं जगत नाही, पण जिथे तो लोंगर होता तिथे तिच्याच पिल्लांची पिल्लं उभी होती, बावखलाच्या काठाला. मनूला पानाखाली उभं केलं. ती तपासणीला आलेल्या माणसासारखी उभी राहिली. मी पट्टी तिच्या गालाशी धरली आणि डोळे बारीक केले. कपाळ गडद, डोळ्यांच्या खोबणी आणखी गडद, हे मला अपेक्षित होतं. पण हनुवटीच्या खालची बाजू, जिथे मी नेहमी डोळे मिटून काळं भरायची, ती गालापेक्षा उजळ होती. खालून उजेड येत होता. बावखलाच्या पाण्यावरून ऊन उलटून तिच्या गळ्यावर, हनुवटीखाली, पापण्यांच्या आतल्या कडेला हलत होतं. मी मूळ फोटो काढून बघितला. त्या अंधारात हनुवटीखाली एक पुसट पट्टा होता. मी तो बुरशी म्हणून साफ केला होता.

मागे पाचोळा वाजला. बाबा होते. हातात टेकूचा बांबू.

“तिथे नाही,” ते म्हणाले. “एक पाऊल इकडे. पाण्याकडे.”

मनू सरकली.

“एवढी ताठ नाही उभी ती.” बाबांनी बांबू खाली ठेवला. “घाईत होती.”

आम्ही दोघी हललो नाही. हललो तर ते जातील असं वाटलं.

“कसली घाई?” मनूने विचारलं, अगदी हळू.

“भात होता चुलीवर. साहेब काही आवरेना. कधी म्हणे लोंगर पुसा, कधी म्हणे ते पान वर बांधा. मी पुसतोय, बांधतोय. ती उभी. मग दातांतल्या दातांत मला म्हणाली, ‘अहो, भात लागला तर तुम्हीच खायचा.’ आणि त्याच वेळी त्याने खटका दाबला.”

“मग? लागला का?”

“लागला. मीच खाल्ला.” बाबांनी पुढे येऊन मनूच्या ओठाच्या कोपऱ्याजवळ बोट धरलं, न लावता. “इथे असं आत ओढलं जायचं तिचं. रागावली की. एकाच बाजूला.”

फोटोत त्या जागी एक काळा ठिपका होता. तोही मी साफ केला होता, आणि वर हसू काढलं होतं. मी तिथेच पाचोळ्यात बसले आणि पेन्सिलने पट्टीवरचे चौकोन मोजत मनूच्या तोंडावरची सावली उतरवायला लागले. बाबा शेजारी उकिडवे बसले. “नाक जरा रुंद,” म्हणाले. “भुवई नको उतरवू. ती तिची नाही, ती हिची आहे.” एकेका शब्दाला ते थांबायचे, पण उठले नाहीत. आत्याने जेवायला हाक मारली, होड्या वळल्या असतील, आम्ही नाही वळलो.

मग स्टुडिओत बसून मी पुन्हा सुरुवातीपासून काढलं. या वेळी चेहरा पट्टीच्या गडद टोकाकडच्या दोन-तीन घरांतच ठेवायचा, बाहेर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलं. माझ्यासारख्या बाईला कोणी तोंड शिवून लग्नघरात बसवावं तसं ते काम होतं. दर थोड्या वेळाने हात उजळ रंगाकडे जायचा. मामा मागून घसा खाकरायचे. ओठाचा कोपरा मी किती वेळा पुसून काढला याचा आकडा मी सांगितला तर तुमचा माझ्यावर विश्वास बसणार नाही, आणि या वेळी तो खरा असेल. शेवटी कडेला लोंगराची दोन केळी ठेवली, भर उन्हात. ती होती म्हणून तर कळत होतं की ऊन तिथे आहे आणि बाई इथे सावलीत आहे. ती झाकली की चेहरा नुसता काळवंडायचा.

घरी आणलं तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. आत्या म्हणते, तिने त्या दिवशी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मनू चित्रासमोर पाटावर बसली. बराच वेळ तिला काही दिसत नसावं. मग अंधारात डोळे सरावतात तसं तिला एकेक दिसत गेलं असणार, कारण तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं.

“बाबा,” ती म्हणाली, “आई इतकी काळी होती?”

“काळी कुठे?” बाबा मागेच उभे होते. “सावलीत आहे ती.” मग कडेच्या केळ्यांकडे बघत म्हणाले, “उन्हात मी लोंगराला ठेवलं ना.”

आत्याने पदर तोंडाला लावला. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारी ऐकू गेला नाही. “ही आमची वहिनी,” एवढंच म्हणाली. मनूने बोट पुढे केलं आणि त्या ओठाच्या कोपऱ्यावर ठेवलं. “चिडलीय,” ती म्हणाली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला श्वास पुरेना. माझ्या सगळ्या म्हशी आणि सगळे नाग मिळून तिला जे देऊ शकले नव्हते ते त्या एका करपलेल्या भाताने दिलं. मी जरा हिरमुसलेच. गोष्टी सांगणाऱ्याला असं हरायला आवडत नाही.

लग्नात चौरंगावर ते चित्र होतं, अबोलीचा हार घातलेलं. पाहुणे येऊन बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे. मुलाकडची एक मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, “पोरी, जरा उजेड टाकायचा की गो. आणि अशा दिवशी हसरी तरी काढायचीस.” मी उत्तर द्यायला पदर खोचला होता, पण मनूने मुंडावळ्यांच्या आडून मला डोळ्यांनी दाबलं.

निघायची वेळ झाली. ताशा थांबला, बायकांनी रडायची तयारी केली, काहींनी आधीच सुरू केलं. मनू चौरंगासमोर गेली, वाकली, डोकं टेकवलं. उठताना तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, त्या आत ओढलेल्या ओठाकडे, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात म्हणाली, “झालं माझं. जा आता, भात बघ.”

वऱ्हाडातल्या कोणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं मुलीला ऊन लागलं. बाबा मात्र हसले. मांडवाच्या खांबाला धरून, पागोटं सरकेपर्यंत, मोठ्याने हसले, आणि डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही.